घडीच्या रेघा

लगीनसराई लागली की माझं डोकं फिरतं. धंदा साड्यांचा, याच दोन महिन्यांवर आमचं वर्ष निघतं, तरी फिरतं. चैत्र सरता सरता आमच्या बेला गावाभोवतीची शेतं मोकळी होतात, कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीचे भारे घराघरांच्या भिंतींना टेकतात, मोहाच्या फुलांचा गोडसर आंबूस वास वाऱ्याबरोबर थेट दुकानात शिरतो आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभी राहून वऱ्हाडं जायला लागतात. ऊन असं की रस्त्यावरचं डांबर चपलेला धरून ठेवतं. त्या उन्हात ट्रॉलीतल्या बायांच्या साड्या झळकतात. कोणती माझ्याकडून गेली आणि कोणती दुसऱ्याकडून, हे मला गादीवर बसल्या बसल्या कळतं, आणि दुसऱ्याकडची दिसली की दिवसभर जीव जळतो.

परवा आमच्याच वस्तीतला एक पोरगा दोन दोस्तांना घेऊन आला. पंधरा दिवसांवर त्याचं लग्न. त्याचा आजा आणि माझा बाप जयंतीच्या मिरवणुकीत एका रांगेत चालायचे.

‘काकू, नवरीची साडी भाड्यानं देता काय? चमकीवाली. एका दिवसापुरती.’

‘लगन बी एका दिवसापुरतंच हाय काय?’

दोस्त खिदळले. तो नाही. ‘आदिलाबादले भेटते नं. मी माया कोट-सूट तिथूनच आनून राह्यलो. टाय बी देते. दुसऱ्या दिवशी वापस करून द्याचा, झालं.’

‘तुयाआधी कोनं घातला तो?’

‘मले का माहीत?’

‘इचारलं नाही?’

‘कायले इचारू? धुवून देते ते लोक.’

मी त्याला दुकानातून काढला. ‘ऊन लागलं वाटते काकूले,’ असं पायरी उतरताना एक दोस्त म्हणाला, तेही मी ऐकलं. ऊन नव्हतं लागलं. वैशाखाच्या उन्हात जिनं डोक्यावर साड्यांचं गाठोडं घेऊन सात गावं केली तिला दुकानातल्या पंख्याखाली काय ऊन लागणार? पण त्या पोराला मी काय सांगणार होते, तेच मला सुचेना, आणि म्हणून राग आला.

सांगायचं ते त्याला नाहीच. सुजाताला सांगायचं आहे. सुजाता माझी धाकटी बहीण, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. आदिलाबादला शाळेत शिकवते. तिच्या लग्नाला पाच उन्हाळे झाले, आणि त्या दिवसापासून आम्ही दोघी धड बोललेलो नाही. कुणी कारण विचारलं तर मी सांगत नाही, कारण ऐकणारा हसेल. भांडण साडीच्या घडीवरून आहे.

नवी साडी उलगडली की तिच्यावर घडीच्या रेघा असतात. उभ्या आणि आडव्या, अंगभर चौकटी पाडणाऱ्या. आजकाल त्या दिसल्या की पोरी नाक मुरडतात. माझ्या लहानपणी आमच्या वस्तीत त्या रेघांना मान होता. रेघ असली म्हणजे साडी कोरी. दुकानातून निघाली ती सरळ माझ्या अंगावर आली, मध्ये दुसऱ्या कुणाच्या अंगावर गेली नाही. लग्नात, बारशाला, विहाराच्या कार्यक्रमाला बाया मुद्दाम पदर असा घ्यायच्या की पाठीवरची मोठी चौकट सगळ्यांना दिसावी. आणि बाकीच्या बाया कौतुकानं म्हणायच्या, ‘आजच घडी मोडली वाटते!’ एवढं ऐकलं की नेसणारीचा दिवस सोन्याचा.

ते ‘मध्ये दुसऱ्या कुणाच्या अंगावर’ म्हणजे काय, हे आता कुणाला समजावून सांगावं लागतं. मायच्या पिढीपर्यंत आमच्या बायांची लुगडी मोठ्या शेतकऱ्यांच्या घरांतून यायची. तिथल्या बाईनं नेसून नेसून विटलेलं लुगडं सुगीला किंवा लेकीच्या लग्नाला आमच्या ओंजळीत वरून पडायचं. त्याला एकच शब्द होता, उतरलेलं. लुगडं उतरलेलं, सदरा उतरलेला, वहाण उतरलेली. आमच्या अंगावर चढणारी प्रत्येक वस्तू आधी कुणाच्या तरी अंगावरून उतरलेली असायची.

माय स्वतःच्या लग्नात असंच एक उतरलेलं हिरवं लुगडं नेसली होती. अक्षता पडल्या, आणि लांबून बघायला आलेली त्या घरातली एक मुलगी ओरडली, ‘अवं, हे तं आमच्या काकूचं लुगडं! ते पाहा ठिगळ!’ मुलगी लहान होती, वाईट बोलावं म्हणून बोलली नव्हती, ओळखीची वस्तू दिसली म्हणून आनंदानं ओरडली होती. मायनं ही गोष्ट मला एकदाच सांगितली, शेतात निंदणी करताना, मान वर न करता. पुढे आयुष्यात तिनं हिरवा रंग अंगाला लावला नाही.

मग धर्म बदलला आणि आमचा रंग पांढरा झाला. सगळ्यांत आधी घरातल्या भिंतीवर कोटातला, टायमधला, चष्म्यातला तो फोटो आला. त्याच्याखाली उभा राहून बा म्हणायचा, ‘पाहा. एक सुरकुती दिसते काय कोटाले?’ बा शेतमजूर होता. त्याला कोट परवडायचा नव्हता, पण सुरकुती नसणं परवडायचं. जयंतीच्या सकाळी तो वस्तीच्या तोंडाशी उभा राहून प्रत्येकाला तपासायचा. शर्ट पांढरा आहे का, बाहीची इस्त्री मोडली का, बायांच्या साडीची रेघ सरळ आहे का. तांब्यात निखारे घालून केलेली इस्त्री ती, पण धार अशी की बोट कापावं. मग दोन-दोनच्या रांगेत आम्ही गावातल्या मधल्या रस्त्यानं निघायचो, जिथून एरवी आमची माणसं खाली मान घालून जायची.

एका वर्षी एका ओट्यावरून कुणीतरी म्हटलं, ‘काय रे, सारेच नवरदेवावानी निंगाले!’

बा थांबला. आम्हाला वाटलं, आता भांडण होतं. तो म्हणाला, ‘हो पाटील. आज साऱ्याइचंच लगन हाय. जेवाले या.’

ओट्यावरचे लोकही हसले. आम्ही पुढे गेलो. पण मला पक्कं आठवतं, रांगेतली प्रत्येक पाठ त्यानंतर आणखी ताठ झाली होती.

पांढरी साडी मात्र घरात एकच असायची. दरवर्षी नवी कुठून आणणार? म्हणून माय घडी जिवंत ठेवायची. हा तिचाच शब्द. साडी धुतली की कण्यांच्या पेजेत बुडवायची, सावलीत वाळवायची, आणि किंचित ओली असतानाच जुन्या रेघांवरून पुन्हा घडी घालायची. एक टोक माझ्या हातात, दुसरं सुजाताच्या. मी वीस वर्षांची, ती आठ. साडीएवढ्या अंतरावर एकमेकींसमोर उभ्या राहून आम्ही ताणायचो. ‘जोरानं वढ, सोडू नको,’ मी ओरडायची, आणि ती एवढीशी पोर टाचा रोवून मागे झुकायची. कधी मी गंमत म्हणून झटका द्यायची, ती धपकन पुढे यायची, आणि माय ‘रेघ गेली, रेघ गेली’ म्हणून दोघींना शिव्या घालायची. घडी झाली की ती पाट्याखाली जायची, वर वरवंटा. आठ दिवसांनी काढली की साडी पुन्हा कोरी. कित्येक वर्षं मायनं एका साडीची घडी मरू दिली नाही.

माझं लग्न ऐंशी सालाच्या आसपास ठरलं. पांढरी साडी घ्यायला बा आणि मी भैंशाच्या बाजाराला गेलो. कापसाचा हंगाम संपला होता, जिनिंग कारखान्यासमोर रिकाम्या बैलगाड्या उभ्या होत्या, हवेत अजून रुई उडत होती. एका मोठ्या दुकानात बानं सांगितलं, ‘शादी के लिए सफेद साडी बताओ.’

शेठजीनं त्याच्याकडे पाहिलं, आवाज खाली आणला आणि अगदी दुःखानं विचारलं, ‘कौन गुजर गया, भैया?’

ओट्यावरच्या पाटलाला उत्तर देणारा माझा बाप त्या चकचकीत दुकानात गप्प झाला. मी म्हटलं, ‘अब तक तो कोई नहीं गुजरा, शेठ. तुम्हारा भाव सुनके हमारा बाप जाएगा.’

शेठजी आधी दचकला, मग पोट हलेपर्यंत हसला. त्यानं चहा मागवला. मी तीनदा दुकानाच्या पायऱ्या उतरले आणि तीनदा त्यानं मला परत बोलावलं. शेवटी मी म्हणेन त्या भावाला साडी मिळाली. बाहेर आल्यावर बा म्हणाला, ‘तुयं तोंड लय चालते वं.’ तक्रार होती की शाबासकी, मला कळलं नाही. पण पोट भरायला हे तोंड उपयोगी पडेल, एवढं त्या दिवशी मला कळलं.

पडलंच. लग्नानंतर दोन वर्षांनी मी त्याच शेठजीकडून चार साड्या उचलल्या आणि गाठोडं डोक्यावर घेतलं. नवरा शांत माणूस, सुरुवातीला त्याला लाज वाटायची, मग तोच गाठोडं बांधून द्यायला लागला. बेला, त्याच्या आसपासची गावं, पार पैनगंगेच्या काठापर्यंत. ओट्यावर बसून मी साड्या मांडायची. त्या काळी काही बायांना साडी हवी असायची, पण माझ्या हातातून नको. ‘खाली ठेव वं, मी घेतो उचलून,’ असं म्हणायच्या. मी ठेवायची. कापड त्यांना चालायचं, हात चालत नव्हता. जी बाई साडी जमिनीवर ठेवायला सांगायची, तिच्यासाठी माझा भाव कधीही खाली आला नाही. तिनं कितीही घासाघीस करू दे. ‘काऊन वं, शेजारनीले तं कमी केले तू!’ ‘तिचे हात लांब हायेत, बाई, माया हातापर्यंत पोचते.’ समजणाऱ्या समजायच्या. काही जणी पुढच्या वेळी हातातून घ्यायला लागल्या. धर्म समजावून जे झालं नसतं ते भावानं झालं.

सुजाता शिकली ती या गाठोड्यावर. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही, असं मी म्हणते. ती म्हणते, दर वेळी बोलून दाखवलं. असेल. तिला आदिलाबादला नोकरी लागली तेव्हा मी तिला शाळेत नेसायला सहा कोऱ्या साड्या दिल्या. घडी न मोडलेल्या, प्रत्येकीचा रंग निराळा. महिनाभरानं ती सुट्टीत आली आणि हळूच म्हणाली, ‘आक्का, मले इस्त्री घेऊन दे.’

‘कोऱ्या साडीले इस्त्री कायले?’

‘तिथं हासतेत. मी गेली की त्या तेलुगू टीचर म्हंतेत, चीरकु इस्त्री लेदा? साडीले इस्त्री नाही काय म्हून.’

‘तं सांग त्यांना, कोरी हाय म्हून. दुकानातून आनली, कोनाची उतरलेली नाही म्हून.’

‘ते त्यांना नाही समजत, आक्का. त्यांच्यात कोनी उतरलेली नेसलीच नाही नं कधी.’

मी तिला उडवून लावलं. आता वाटतं, ती त्या एका वाक्यात सगळं सांगून गेली होती. ज्यांना कधी उतरलेलं नेसावं लागलं नाही, त्यांना कोरेपण दाखवायची गरज काय? त्यांच्या लेखी रेघा म्हणजे नुसता आळस, गावठीपणा, ट्रंकेतून काढून अंगाला गुंडाळलेली साडी. आणि माझी बहीण त्यांच्यात बसत होती, जेवत होती, त्यांच्या नजरेनं स्वतःकडे पाहायला शिकत होती. मी मात्र अजून ओट्यावरच्या माणसांना उत्तर देत होते. ती माणसंही ओट्यावरून केव्हाच उठून गेली होती.

तेवढ्या वर्षांत सगळंच पालटलं. माझं गाठोडं जाऊन दुकान झालं. आदिलाबादला साड्यांना रोल प्रेस करून देणारं यंत्र आलं. साडी एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं पाण्यासारखी सपाट बाहेर येते. ब्युटी पार्लरच्या पोरी नवरीला पंचवीस पिना लावून अशी नेसवायला लागल्या की नवरीला श्वास घेताना परवानगी काढावी लागेल. आधी गिऱ्हाईक विचारायचं, ‘कोरी हाय नं?’ आता विचारतं, ‘मले सूट होते काय?’ मीही धंदा करते. आठवड्याला एक गठ्ठा रोल प्रेसला पाठवते आणि सपाट होऊन आलेल्या साड्या पुढच्या कपाटात लावते. स्वतःच्याच हातानं रेघांचा जीव घेते, म्हणा ना.

सुजाताचं लग्न जुळलं ते तहसील कचेरीतल्या कारकुनाशी. माणसं आमच्यातलीच, पण गाव सोडून एक पिढी झालेली. पसंतीच्या बैठकीत तिची होणारी सासू सहज म्हणाली, ‘लगनाच्या साडीवर कायले खरचता? आमच्या मोठ्या सुनेची हाय नं, पांढरी, रेशमी. एकच दिवस तं नेसली तिनं. हेच नेसन सुजाता.’

बाईचा हेतू चांगला होता. खर्च वाचावा एवढाच. पण माझ्या कानशिलात घण बसला. बा तोवर गेला होता, माय शेजारी बसून होती. मी म्हटलं, ‘आमची पोरगी आमी नेसवून पाठवू.’ आवाज जरा चढलाच असावा, कारण नंतर कुणी पोहे घेतले नाहीत.

मग मी साडी शोधायला निघाले. तीन फेऱ्या केल्या. शेवटी भैंशाच्या त्याच दुकानात मिळाली. पांढरं रेशीम, बोटभर निळा काठ, पदरावर बारीक जर. शेठजी आता म्हातारा झाला होता. तो पदर उलगडून दाखवायला लागला तशी मी त्याचा हात धरला. ‘खोलो मत. घडी मेरी बहन मोडेगी.’ मी कोपरे उलटून पोत पाहिला, काठ बोटांनी मोजला, आणि न उलगडताच घेतली. घरी आणून महिनाभर पाट्याखाली ठेवली, रेघा खोल उतराव्यात म्हणून. लग्नाच्या दोन आठवडे आधी सुजाताला दिली. तिनं ती छातीशी धरली आणि म्हणाली, ‘लय सुंदर हाय आक्का.’

लग्न वैशाखात, आमच्या वस्तीतल्या विहारासमोर. जांभळीच्या डहाळ्यांचा मांडव, तरी पत्रा तापावा तसा आत उकाडा. मी सकाळपासून आचाऱ्याशी भांडत होते, पाण्याच्या टँकरशी भांडत होते, बाजेवर लोळणाऱ्या वऱ्हाडाशी मनातल्या मनात भांडत होते. नवरीला सजवायला आदिलाबादहून पार्लरची पोरगी आली होती, ती दार लावून बसलेली. लाऊडस्पीकरवर वंदना सुरू झाली तेव्हा मी ओल्या हातांनी धावत मांडवात शिरले. लोकांनी ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं आणि सगळं शांत झालं.

समोर सुजाता उभी होती. पांढरी साडी. पण साडीवर एक रेघ नव्हती. पाठीवर चौकट नव्हती, निऱ्यांवर मोड नव्हता. खांद्यापासून पावलापर्यंत सपाट, दुधाची साय धरल्यासारखी. मला दुसरं काही दिसलं नाही. मोठ्या सुनेची साडी, एवढंच डोक्यात आलं. शेवटी त्यांनी त्यांचंच केलं आणि हिनं नेसली. चार गावांच्या बाजारात तापलेला माझा आवाज, आणि त्या शांततेत मी विचारलं,

‘कोनाची उतरलेली नेसली वं तू?’

पहिल्या रांगेत माय बसली होती. तिनं मान खाली घातली आणि पदराचा बोळा तोंडात धरला. तिच्या स्वतःच्या लग्नाचा मांडव आणि हा, दोन्हींत तीच गोष्ट. एकदा परक्या पोरीच्या तोंडून, एकदा माझ्या.

सुजाता म्हणाली, ‘तुयीच हाय, आक्का.’

मी जवळ गेले. निळा काठ पाहिला. बोटभरच होता. मी ती साडी कधी उलगडलेली पाहिलीच नव्हती. मला ओळख होती ती वीतभर चौकोनाची. तिनं ती शहरात नेऊन फॉल लावला होता, प्रेस करून आणली होती, सासरच्या लोकांत कुणी हसू नये म्हणून. तिथंच मी माफी मागायला हवी होती. हात जोडले असते तरी चाललं असतं. माझ्या तोंडून निघालं ते हे:

‘मंग रेघा कुठं गेल्या?’

वऱ्हाडातलं कुणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. सासूबाईंचा चेहरा उतरला. लग्न लागलं, पंगती उठल्या, सगळं झालं. पाठवणीच्या वेळी सुजाता मायच्या गळ्यात पडून रडली. माझ्या पाया पडली, नियमाप्रमाणे, आणि गाडीत बसली.

तेव्हापासून माझी एक तक्रार आहे आणि ती मी पाच वर्षं सोडलेली नाही. तिनं मला आधी सांगायला हवं होतं. ‘आक्का, प्रेस करून आनली,’ एवढे चार शब्द. मी ओरडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि मांडवात गप्प बसले असते. तिनं चोरून केलं, माझी भीती वाटली म्हणून की लाज वाटली म्हणून, हे मला अजून कळायचं आहे. माय म्हणते, तूच जा आदिलाबादला. मी कशाला जाऊ? मोठी मी आहे.

आणि सुजाताचा सूड पाहा. ती येते. दर लगीनसराईत एकदा येते, उभ्यानंच एक साडी निवडते, मी सांगेन तो भाव मुकाट्यानं देते आणि निघून जाते. भाव करत नाही! माझ्या दुकानात दरिद्र्यातली दरिद्री बाई भाव करते, पाटलाची सून करते, कलेक्टर कचेरीतली बाई करते. ‘लुटून राह्यली काय वं आम्हाले’ असं म्हटल्याशिवाय माझ्या पायरीवरून कुणी साडी घेऊन उतरत नाही. त्या बोलण्यातच माणसं आपली होतात. न बोलता पैसे देणारी माणसं मला आवडत नाहीत, मग ती माझ्या गाठोड्यावर शिकलेली का असेनात.

या रविवारी ती आली. दुपारची वेळ, रस्ता ओस, समोरच्या कडुलिंबाखाली म्हशी बसलेल्या. भाड्याच्या सुटाचा राग माझ्या डोक्यातून अजून गेला नव्हता. तिनं एक आकाशी साडी उचलली. दिराच्या लग्नासाठी, म्हणाली. मी भाव सांगितला. खऱ्या भावाच्या तिप्पट. मुद्दाम.

तिनं पर्स उघडली.

मी तिचं मनगट धरलं. ‘अवं, महाग म्हन! आंधळी हाय काय? एवढ्यात तीन येतेत असल्या. भांड माह्यासंग. तोंड हाय का नाही तुले?’

‘हाय,’ ती म्हणाली. ‘तू पाह्यलं काय कधी?’

मला समजलं नाही.

‘त्या दिवशी मांडवात तू आली. मी तुलेच पाहून राह्यली होती, आक्का. कवाची वाट पाहून राह्यली होती. तू दिसली तं मी हासली. वाटलं, तुले आवडन. तू माया तोंडाकडं पाह्यलंच नाही. साडीच पाह्यली. आता बी साडीचंच भांडन करून राह्यली.’

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं. शेठजीला होतं, ओट्यावरच्या बायांना होतं. मी उत्तर शोधण्यासाठी तो दिवस आठवला. सगळं आठवलं. साडीचा सपाटपणा, काठाची निळाई, खांद्यावरच्या पिनेचं चमकणारं टोक, पदर डाव्या बाजूला किती लांब सोडला होता तेही. त्याच्या वर काही आठवेना. मी पुन्हा आठवलं. गळ्यापर्यंत येत होतं, पुढे नाही. बहीण लग्नात कशी दिसत होती, हे मला माहीत नव्हतं.

तिचं मनगट अजून माझ्या हातात होतं. मी वर पाहिलं. कानाजवळ दोन-तीन केस पांढरे झालेले. ओठ बारीक झालेले, मायसारखे. आणि नाकावर, दोन्ही बाजूंना, खोलगट लाल वण, चष्मा काढून ठेवल्यावर उरतात तसले.

‘चष्मा कधी लागला तुले?’

‘तीन वर्सं झाले,’ सुजाता म्हणाली, आणि मनगट न सोडवता गादीच्या काठावर बसली.